पालकांचा सहभाग मोजताना: खानापूर ते निपाणी

बेळगाव हा महसुली जिल्हा एकच असला तरी शिक्षण खात्याचे त्यात दोन जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिकोडी. खानापूरच्या शाळांमार्फत पालकांपर्यंत जायचं तर बेळगावच्या उपसंचालकांचं पत्र लागतं, निपाणीसाठी चिकोडीच्या. मुलांच्या शिकण्यात घरचा वाटा किती, हे मोजण्याचं आमचं काम या दोन अर्जांपासून सुरू होतं. अर्ज कन्नडमध्ये द्यायचा आणि पालकांचं माहितीपत्रक त्यांच्या घरच्या भाषेत.

प्रश्नांचा गाभा आम्ही युनिसेफच्या बहुसूचक पाहणीतून (एमआयसीएस, घरोघरी जाऊन होणारं सर्वेक्षण) घेतो. ती १९९०च्या दशकापासून अनेक देशांत चालते, त्यामुळे बाहेरच्या आकड्यांशी ताडून बघता येतं. दोन ते चार वर्षांच्या मुलाबरोबर गेल्या तीन दिवसांत घरातल्या पंधरा वर्षांवरच्या कुणी सहापैकी काय काय केलं, एवढंच विचारायचं: पुस्तक वाचून किंवा चित्रं दाखवणं, गोष्ट सांगणं, गाणं म्हणणं, घराबाहेर नेणं, खेळणं, आणि नावं सांगणं-मोजणं-चित्र काढणं. चार किंवा जास्त झाल्या तर सहभाग पुरेसा धरतात. आई, वडील आणि इतर यांची खूण वेगवेगळी. "मुलाकडे लक्ष देता का?" असं विचारलं तर नाही कोण म्हणणार? "परवापासून गोष्ट सांगितली का, आणि कुणी?" म्हटलं की माणूस खरोखर आठवायला लागतो.

खरी मेहनत उदाहरणांत आहे. "गाणं" म्हटल्यावर नुसतं बडबडगीत सुचवलं तर आजोबांबरोबर संध्याकाळी हरिपाठ म्हणणारं मूल सुटतं. हरिपाठ सांगितला आणि लिंगायत घरात बसवण्णांच्या वचनांचं नाव काढलं नाही, तर कन्नड घरांचे गुण विनाकारण कमी पडतात. म्हणून प्रत्येक प्रश्नाला दोन्ही भाषांत तेवढीच आणि तितकीच ओळखीची उदाहरणं आधी ठरवून छापतो, विचारणाऱ्याच्या मर्जीवर सोडत नाही. मोबाईलवर गाणं लावून दिलं तर ते मोजायचं नाही, शेजारी बसून बरोबर म्हटलं तर मोजायचं. मुलाच्या पुस्तकांत शाळेची क्रमिक पुस्तकं आणि घरातली पोथी धरायची नाही, आणि आकडा तोंडी न घेता पुस्तकं समोर आणायला सांगायची.

थोरल्या बहिणीचा प्रश्न वेगळा आहे. बारा वर्षांची ताई धाकट्याला पाढे म्हणायला लावते, पण वयाच्या अटीमुळे ती मूळ मोजणीत येत नाही. तिच्यासाठी आम्ही चौथा रकाना ठेवतो आणि तो बेरजेत धरत नाही. त्यामुळे बाहेरच्या आकड्यांशी तुलना टिकते आणि ताईचं कामही नोंदलं जातं. गोव्यात किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला राहणाऱ्या वडिलांसमोर "नाही" लिहायचं नाही, "घरी नव्हते" लिहायचं. ते रोज रात्री फोनवर मुलाशी बोलत असतील तर त्याची नोंद निराळी.

तीन दिवसांच्या प्रश्नाला एक धोका आहे. जत्रा, गणपती किंवा रविवार मध्ये आला की बाहेर नेणं आणि खेळणं फुगतं. भेटी आठवड्याच्या सातही वारांत विभागायच्या आणि वार लिहायचा. खानापूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये भातलावणी आणि पाऊस असतो, तेव्हा जाऊच नये. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांमागे असते, म्हणून त्यांचे हात चालू असतानाच बोलायचं आणि अर्ध्या तासात संपवायचं.

विचारायला शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या बाई नकोत, त्यांच्यापुढे सगळेच आदर्श पालक होतात. गावाजवळची, दोन्ही भाषा बोलणारी मुलगी हवी, आणि तिने "वहिनी", "काकू" म्हणूनच सुरुवात करावी. शिस्तीचे प्रश्न शेवटी आणि एकांतात घ्यायचे. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना मारण्याबद्दलचं उत्तर खरं येत नाही. "आठवड्यातून किती दिवस?" याला सात चिंचोके हातात द्यावेत. "कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी" या पट्टीपेक्षा उत्तर कितीतरी नेमकं मिळतं.

भाषेचा प्रश्न मुळीच पहिला नको. इथे तो शिरगणतीचा किंवा सीमाप्रश्नाचा वाटतो आणि दार मिटतं. "ती गोष्ट कुठल्या भाषेत सांगितली?" असा प्रत्येक कृतीबरोबर विचारला की सहज उत्तर येतं. प्रश्नावलीची भाषा शाळेच्या माध्यमावरून नाही, आई घरी जे बोलते त्यावरून ठरवायची.

भाषांतर दोघांनी स्वतंत्र करावं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणावं. मग प्रत्येक भाषेत दहाएक आयांना विचारावं, "हा प्रश्न ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं?"

आकडे हाती आले की मराठी आणि कन्नड घरांच्या सरासऱ्या लगेच शेजारी मांडू नयेत. आधी प्रश्नांची गटवारी दोन्हीकडे सारखी पडते का, मग प्रत्येक प्रश्नाचा भार (तो सहभागाशी किती घट्ट जोडलेला आहे) सारखा आहे का, आणि शेवटी सहभाग सारखा असताना उत्तरही सारखंच येतं का, हे क्रमाने तपासायचं. पुढच्या पायरीवर सीएफआय (मांडलेली रचना आकड्यांशी किती जुळते ते सांगणारा निर्देशांक) ०.०१ हून जास्त घसरला तर तिथेच थांबायचं. ही मर्यादा चुंग आणि रेन्सव्होल्ड यांनी २००२ मध्ये सुचवली. तिसरी पायरी पार झाल्याशिवाय सरासऱ्यांची तुलना करता येत नाही. प्रत्येक गटात दोनशे तरी घरं असावीत. क्रॉनबाखचा अल्फा हा विश्वसनीयतेचा आकडा ०.७ च्या वर आला म्हणून तुलना वैध ठरत नाही, तो फक्त त्या एका गटातल्या प्रश्नांची एकवाक्यता सांगतो.

कुठला प्रश्न अडतोय ते सापडलं की तो काढून टाकण्याआधी भेटीच्या नोंदी उघडायच्या. "घराबाहेर नेणं" हमखास अडतो. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत मूल आईबरोबर शेतावर जातंच, निपाणीत विड्या वळणारी आई दिवसभर घरातून हलत नाही. हा फरक भाषेचा नसून कामाचा आहे. म्हणून मराठी घरं खानापुरातून आणि कन्नड घरं बैलहोंगलातून अशी वाटणी करायची नाही. दोन्ही भाषांची घरं प्रत्येक तालुक्यातून आणि जमेल तिथे एकाच गावातून निवडायची, आणि आईचं काम हा रकाना पहिल्याच पानावर ठेवायचा.