सीटसाठी धुळ्याला

मे महिन्यात खानदेशात जाणारा माणूस एकतर तिथला जावई असतो, नाहीतर वेडा. मी सीट शोधायला गेलो होतो.

गाडी बीएसए एम२०, जुनी इंग्लिश मोटरसायकल. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी सव्वा लाखाच्या वर बनल्या, त्यातली एक आजोबांमार्फत माझ्या गळ्यात पडली. तिच्यासाठी ऑनलाइन ‘हुबेहूब’ सीट मागवली होती. पहिल्याच पावसात चामडं फुगलं आणि डावी स्प्रिंग एका खड्ड्यात बसली ती उठलीच नाही. तेव्हा ठरवलं, बसायचं तर लायसेटवरच. लायसेट म्हणजे बर्मिंगहॅमची, सीटा बनवणारी कंपनी. त्या काळी लोक आपल्या गाडीवर अशा सुट्या विकत मिळणाऱ्या सीटा हौसेनं चढवत.

पारोळा, अमळनेर, चोपडा. दोन दिवस, हाती शून्य. ‘जुनी इंग्लिश गाडी’ म्हटलं की प्रत्येक दुकानदार बुलेटची सीट पुढे करायचा, आणि नको म्हटलं की माझ्याकडेच संशयानं बघायचा. एका हॉटेलात भरीत मागितलं तर मालक हसला. भरीत थंडीतलं, हे पोटाला कोण सांगणार! मग शेवभाजी. तिखट इतकं की हेल्मेटच्या आत घाम आला, आणि हेल्मेट मी आणलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका स्पेअरवाल्यानं सांगितलं, पांझरा ओलांडून देवपुरात जा, तिथं एक नाना आहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर, घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये लेथ.

नाना लेथपुढे बसले होते. जमिनीत रोवलेल्या पाइपावर. आणि पाइपावर लायसेट.

चामडं काळं पडून आरशासारखं झालेलं, मागच्या दोन्ही स्प्रिंगा ताठ, कडेला पत्र्यावर नाव. मी थेट गुडघ्यावर बसून वाचायला लागलो. नाना दचकले.

“कथाईन उना, भाऊ?”

नाशिकहून, म्हटलं. सीट बघत होतो. विकणार का?

“हाई इकाले नही शे.” इतकंच. मग आत आवाज देऊन चहा मागवला. मी पैसे वाढवत गेलो, ते साखर वाढवत गेले. तीस वर्षं यावर बसतोय, म्हणाले, दुसऱ्या कशावर बसलं की कमरेला कळतं. याच्यावर वाद काय घालणार? माझी कंबर माझ्यापाशी होतीच.

खिशात सीटच्या नाकाचा झिजलेला बोल्ट होता, तो मी टेबलावर ठेवला. नानांनी आटे मोजायच्या गेजची पानं एकेक करून आट्यांत बसवून पाहिली. इंचाला २६ आटे. “हा व्हिटवर्थ, म्हणजे नेहमीचा जुना इंग्लिश आटा, नाही,” ते म्हणाले, “त्याचा कोन ५५ अंशांचा. हा सायकलचा आटा, ६०चा.” टूल घासलं, गिअर बदलले, आणि नवा बोल्ट काढायला बसले. पाऊण तास गेला. शेड भट्टीसारखी तापलेली, तरी मी हललो नाही. धातूची पात नळीसारखी गोल गोल निघत होती, आणि नाना पुढे झुकले की स्प्रिंगा किंचित करकरत. मला हेवा वाटला, कबूल करतो.

जुना नट नव्या बोल्टावर बोटांनीच फिरला, शेवटपर्यंत. पैसे घेईनात. काकूंनी कळण्याची भाकरी आणि पुन्हा शेवभाजी वाढली. मी नको म्हणालो, ते कुणी ऐकलं नाही. पाहुणचारात माणसाची मर्जी विचारायची पद्धत खानदेशात नसावी.

निघताना पुन्हा एकदा विचारलंच.

“मी मरसू तवय ली जाजो,” नाना म्हणाले, आणि खडू देऊन भिंतीवर मोबाइल नंबर लिहायला सांगितला. तिथे आधीच दोन नंबर होते. मी खाली तिसरा लिहिला.