चौथा हीटर प्लग
आज एका डिझेल इंजिनाचे हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून सिलिंडर तापवणारे) काढले. तीन निमूट सुटले, चौथा मात्र हटूनच बसला! इंजिन गरम करून प्लगच्या आट्यांवर तेल सोडलं, तासभर थांबलो. हात शिवशिवत होते, पण लांब पान्याने जोर लावायचा मोह आवरला. १० मिमी आट्यांचा प्लग साधारण ३५ न्यूटन-मीटर पिळाच्या पुढे मोडू शकतो, मग तुकडा काढायला इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेडच उतरवा. टॉर्क पाना (किती पिळ बसतोय ते कळणारा) लावून पाव आटा पुढे, पाव मागे. शेवटी 'कुर्र' करत सुटला एकदाचा. टोकावर काजळीचा टणक थर. भोकात रीमर (भोक खरवडून साफ करणारं हत्यार) फिरवला, त्याच्या खाचांत ग्रीस भरून, म्हणजे काजळी ग्रीसलाच चिकटते, सिलिंडरमध्ये पडत नाही. नवीन प्लग आधी बोटांनीच बसवला. कंबर अजून दुखतेय.