कामावर निघण्यापूर्वी गायचं गाणं

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचं ब्रॉडमीड म्हणजे नुसती दुकानं. कपडे, बूट, मोबाइलची कव्हरं, दर वीस पावलांवर कॉफी. त्या गर्दीत एक जुनी वास्तू आहे आणि अंगणात घोड्यावर बसलेला एक पाद्री. वास्तूचं नाव न्यू रूम. 1739 साली बांधलेलं, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं जगातलं सर्वांत जुनं प्रार्थनागृह. घोड्यावरचे ते जॉन वेस्ली. दुसऱ्या बाजूच्या अंगणात त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स उभे आहेत. पंथ उभा केला जॉननी, पण लोकांच्या तोंडी बसले ते चार्ल्स, असं माझं मत. त्यांनी सहा हजारांवर गीतं लिहिली, त्यातली कितीतरी घोड्यावरून प्रवास करताना.

त्यांचं एक गीत सध्या माझ्या डोक्यात घर करून आहे. शेजारच्या बाई मला त्यांच्या चर्चच्या कॉयरमध्ये ओढून घेऊन गेल्या. माझा धर्म तिथे कुणी विचारला नाही, सूर लागतो का तेवढं पाहिलं. गीताची सुरुवात अशी: ‘फोर्थ इन दाय नेम, ओ लॉर्ड, आय गो’. प्रभू, तुझं नाव घेऊन मी निघालो, रोजचं काम करायला. मनात येईल, तोंडून निघेल, हातून घडेल त्या सगळ्यात तूच असावास. वर मथळा नुसता ‘कामाआधी’. ओळीला बरोबर 8 अक्षरं, आपल्या लहान अभंगाइतकीच. त्यामुळे शब्द मला पटकन पाठ झाले, उच्चारांना मात्र वेळ लागला.

हे गीत छापलं गेलं 1749 साली, ब्रिस्टललाच, दोन भागांच्या संग्रहात. त्या पुस्तकामागची गोष्ट अगदी घरगुती आहे. चार्ल्सना सारा ग्विनशी लग्न करायचं होतं. मुलगी वेल्समधल्या खात्यापित्या घरातली, आणि जावयाला वर्षाला 100 पौंडांची खात्रीची मिळकत हवी, असा सासूबाईंचा आग्रह. फिरत्या प्रचारकाकडे कुठून येणार ती? पुस्तकांच्या विक्रीतून ती सोय करायचं ठरलं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लग्न लागलं. भटजी खुद्द जॉन! मला हे फार आवडतं. कामावर गीत लिहिणाऱ्यालाही पोटापाण्याचा हिशेब चुकला नव्हता.

वेस्लींसमोर बसणारे लोकही कष्टकरी होते. शहराच्या पूर्वेला किंग्जवूडमध्ये कोळशाच्या खाणी होत्या. तिथल्या कामगारांना चर्चमध्ये कोण बोलावणार? म्हणून 1739 पासून त्यांच्यासाठी उघड्या माळावर प्रवचनं सुरू झाली. जॉन पहाटे 5 वाजता प्रवचन करत, कामावर जाण्याआधी लोकांना येता यावं म्हणून.

आता चाल. आम्ही जी गातो ती ऑर्लंडो गिबन्स यांची, नाव ‘साँग 34’. ती शब्दांपेक्षा सव्वाशे वर्षांनी जुनी आहे. जॉर्ज विदर या कवीच्या 1623 सालच्या पुस्तकासाठी गिबन्सनी चाली दिल्या, त्याही नुसत्या वरचा स्वर आणि खालचा खर्ज एवढ्याच लिहून. चौतिसावं गीत होतं ख्रिस्तजन्माच्या रात्री देवदूतांनी गायलेलं. म्हणजे आकाशातल्या देवदूतांची चाल सोमवारी सकाळी बस पकडणाऱ्यांच्या वाट्याला आली. गिबन्स राजदरबारच्या चॅपलचे ऑर्गनवादक. 1625 मध्ये नवा राजा पहिला चार्ल्स फ्रान्सहून येणाऱ्या राणीला आणायला निघाला, सोबत गायक-वादकांचा ताफा. वाटेत कँटरबरीला गिबन्स अचानक गेले. वय 41, ड्यूटीवर. तिथल्याच कॅथीड्रलमध्ये त्यांना पुरलं. आमच्या गीताचे कवी चार्ल्स वेस्ली जन्माला आले ते त्यानंतर 82 वर्षांनी.

मूळ गीताला सहा कडवी आहेत, पण आमच्या पुस्तकात पाचच. गळालेलं तिसरं कडवं मी शोधून वाचलं आणि चकित झाले. त्यात कवी म्हणतो: माझ्या धंद्याच्या फासातून मला वाचव, गळा आवळणाऱ्या चिंतेच्या काट्यांपासून आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या आमिषांपासून दूर ठेव. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकारांनी मेथडिस्टांवर ठपका ठेवला आहे की त्यांनी कामगारांना गिरणीच्या शिस्तीला जुंपलं. पाच कडवी वाचली तर तो खराही वाटतो: काम करा, आनंदाने करा, वर पाहत करा. पण त्या गळालेल्या कडव्याने सगळा तोल बदलतो. काम देवाचं असलं तरी ते माणसाला गिळू शकतं, हे या कवीला कळत होतं. व्हिसा, बढती आणि घराचा हप्ता यांच्या मागे लागून इथे आलेल्या आपल्यासारख्यांना नेमकं तेच कडवं हवं, आणि तेच वगळलेलं!

तालमीनंतर मी ऑर्गन वाजवणाऱ्या आजोबांना विचारलं, हे का काढलं? ते वह्या आवरत म्हणाले, “सहा कडवी म्हणत बसलो तर लोकांना ऑफिसला उशीर होईल.”