लेदर सूट आरशासमोर घालून बघू नका

दुकानात उभ्याउभ्या घातल्यावर जो रेसिंग सूट अगदी झकास बसतो, तो बहुधा चुकीच्या मापाचा असतो. वन-पीस सूट, म्हणजे जॅकेट आणि पँट एकसंध शिवलेला, बेतलेलाच असतो बाइकवर ओणवं झालेल्या माणसासाठी. बाह्या कोपरात वळवलेल्या, पाय गुडघ्यात दुमडलेले, पाठीची बाजू लांब, पोटाची आखूड. तो घालून ताठ उभं राहायला गेलं की खांद्यांवरून कोणी खाली ओढतंय असं वाटतं, पार्श्वभागापाशी चामडं गोळा होतं आणि चाल बदकासारखी होते. हे दोष नाहीत. याला घाबरून लोक एक नंबर मोठा घेतात आणि तिथेच फसतात.

मापाचा संबंध इथे दिसण्याशी कमी आणि हाडांशी जास्त आहे. पडल्यावर चामडं दोन कामं करतं: रस्त्याशी होणारं घर्षण स्वतःवर घेतं आणि आतलं आर्मर, म्हणजे सांध्यांवरच्या आघात झेलणाऱ्या गाद्या, जागच्या जागी धरून ठेवतं. खांदा, कोपर, गुडघा यांच्या आर्मरसाठी ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक आहे. त्याच्या चाचणीत ५० ज्यूलचा आघात करतात. आरपार पोचणारं सरासरी बल ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर लेव्हल १, २० पर्यंत असेल तर लेव्हल २. पण ही चाचणी होते एका पक्क्या लोखंडी ठोकळ्यावर, जिथून आर्मर सरकायचा प्रश्नच नसतो. तुमच्या कोपरावरून ते दोन-तीन सेंटिमीटर बाजूला फिरलं, तर लेव्हल २ च्या शिक्क्याचा उपयोग शून्य. सैल सूटमध्ये आणखी एक होतं. जास्तीचं चामडं घसरताना चुणीसारखं गोळा होतं, ती चुणी डांबरात अडकते आणि सरळ घसरत जाण्याऐवजी माणूस कोलांट्या खाऊ लागतो. अति तंग सूटचं दुखणं वेगळं: शिवण आधीच ताणलेली असते, आपटल्यावर ती उसवते.

आधी माप घेऊ. स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही, हात वर केला की छाती बदलते. दुसऱ्याला टेप धरायला सांगा. अंगात तेच असू द्या जे सूटच्या आत असणार, म्हणजे पूर्ण बाह्यांचा लायक्रासारखा घट्ट अंतर्वस्त्राचा थर. वेगळा बॅक प्रोटेक्टर (पाठीचं कवच) वापरणार असाल तर तो घालूनच माप घ्या, नाहीतर छातीत चार-पाच सेंटिमीटर कमी पडतात. छाती काखेखाली, सगळ्यात रुंद जागी. कंबर बेंबीच्या पातळीला. इथे जीन्सचा नंबर सांगू नका, जीन्स बेंबीच्या बरीच खाली बसते आणि तिच्यावरचा आकडा खऱ्या मापापेक्षा लहान असतो. मग नितंब, मांडी, पोटरी, दंड आणि मनगट. हाताची लांबी मानेच्या मागच्या उंचवट्यापासून खांद्यावरून, कोपर काटकोनात वाकवून, मनगटाच्या हाडापर्यंत. सरळ हाताचं माप घेतलं तर बाही हमखास आखूड होते, कारण कोपर वाकल्यावर वाट लांबते.

वन-पीस घेणार असाल तर सगळ्यात महत्त्वाचं माप वेगळंच आहे आणि नेमकं तेच कोणी घेत नाही. टेप खांद्याच्या मधून पुढे छातीवरून, दोन्ही पायांच्या मधून, मागून पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणायची. हा घेर कमी पडला तर छाती-कंबर कितीही जुळू दे, सूट वर खांद्यात आणि खाली जांघेत एकाच वेळी कापतो. छाती-कंबर जुळूनही वन-पीस नकोसा वाटतो तेव्हा बहुधा दोष या घेरात असतो.

आता नंबरांचं गणित. युरोपीय जॅकेटचा आणि सूटचा नंबर म्हणजे ढोबळमानाने छातीच्या सेंटिमीटरचा निम्मा. छाती १०० सेंमी, तर नंबर ५०. अमेरिकी किंवा ब्रिटिश नंबर छातीच्या इंचांवर चालतो, त्यात १० मिळवले की युरोपीय नंबर येतो: ४० चा ५०, ४२ चा ५२. इथवर सोपं आहे. घोळ होतो तो कमरेपाशी. तयार सूट बेतताना छाती आणि कंबर यांत साधारण १२ ते १६ सेंमीचा फरक गृहीत धरलेला असतो. छाती १०० आणि कंबर ९८ अशी देहयष्टी आपल्याकडे घरोघरी आहे. या माणसाने पोटाच्या मापाने ५४ चा सूट घेतला की खांदे उतरतात, कोपराचं आर्मर दंडाच्या मागे जातं, गुडघ्याचं नडगीवर. अशांनी वन-पीसचा हट्ट सोडावा. जॅकेट ५० चं, पँट ५४ ची, दोन्ही एकाच कंपनीची, म्हणजे जोडणारी चेन जुळते. चेन मात्र कमरेभोवती पूर्ण फिरणारी हवी. मागे वीतभर चेन असते ती जॅकेट वर चढू नये एवढ्यापुरती. घसरल्यावर पोट आणि बरगड्या उघड्या पडायच्या त्या पडतातच. रेसिंगच्या ट्रॅकवर सहसा वन-पीस किंवा पूर्ण चेनने जोडलेला टू-पीसच चालतो. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे असो की चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, पुण्या-मुंबईहून इतक्या लांब जाऊन गेटवर कळण्यापेक्षा आयोजकांना आधी विचारलेलं बरं.

स्त्रियांनी पुरुषांचा लहान नंबर घेऊन भागवू नये. खांद्याला बसेल असा नंबर नितंबांना बसत नाही आणि तिथे बसेल असा घेतला तर वरचं सगळं आर्मर लोंबतं. बायकांसाठी बेतलेला सूट शोधायला वेळ जातो, पण दुसरा खात्रीचा मार्ग मापावर शिवून घेणं हाच.

घालून बघणं: किमान २० मिनिटं आणि बाइकवर बसून. दुकानात बाइक नसेल तर पार्किंगमध्ये स्वतःच्या बाइकवर बसू देतील का ते विचारा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा. सोबत स्वतःचं हेल्मेट, हातमोजे आणि बूट न्यायचेच. बूट न नेल्याने किती पँटी परत येतात! रेसिंग पँटची पोटरी बुटाच्या आत जाते. तिथे चेन, अस्तर आणि वेल्क्रो मिळून एवढा जाडसर थर होतो की बुटाची चेन लागत नाही.

बाइकवर बसल्यावर पाय फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर), हात हँडलवर, आणि मग एकेक जागा तपासायची. कोपराचं आर्मर चिमटीत धरून गोल फिरवा, खाली ओढा. बोटभर हललं तर ठीक, दोन बोटं सरकलं तर नंबर मोठा आहे. गुडघ्याचं आर्मर उभं असताना जरा खाली वाटतं. पाय दुमडल्यावर पँट वर ओढली जाते आणि आर्मरची वाटी बरोबर गुडघ्यावर येते. म्हणून हा निकाल बसूनच लावायचा. मांडीवर आणि दंडावर चामडं चिमटीत धरून बघा, दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त हातात येऊ नये. बाही उभं असताना तळहाताच्या सुरुवातीला टेकते, हँडल धरल्यावर मागे सरकून मनगटाच्या हाडावर येते. लांब हातमोजा तिच्यावर निदान ५ सेंमी चढायला हवा.

मग टाकीवर पूर्ण ओणवे व्हा, हेल्मेट घालून मान वर करा आणि समोर लांब बघा. सूटच्या पाठीवर शिवलेला उंचवटा, म्हणजे कुबड, हेल्मेटला मागून ढकलत असेल तर मानेची बाजू आखूड आहे किंवा कुबड फार वर शिवलाय. त्याच स्थितीत पोटभर श्वास घ्या. छाती दाबली गेल्यासारखी वाटली तर चालेल, श्वास अर्ध्यात अडला तर नाही. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाकडे विशेष लक्ष द्या. तिथे सूट घट्ट असेल तर ब्रेक-क्लच दाबून दाबून स्नायू फुगतात, त्यांना जागा मिळत नाही, हात बधिर होतो आणि दहा मिनिटांत बोटांत ब्रेकचा अंदाज राहत नाही. शेवटी एका बाजूला गुडघा बाहेर काढून बुड सीटवरून सरकवा. जांघेत आणि गुडघ्यामागे अडलं, तर तिथले स्ट्रेच पट्टे, म्हणजे चामड्याच्या मधले ताणले जाणारे पट्टे, अपुरे आहेत.

नवं चामडं सैल होतं, पण कुठे आणि किती हे कळलं पाहिजे. नवी कोल्हापुरी आठवा. पहिले आठ दिवस ती चावते, मग पट्टा रुंदीत सैलावतो, पण टाच बाहेर येत असेल तर ती महिन्याभराने आत येत नाही. सूटचंही तसंच. छाती, मांड्या, पाठीचा वरचा भाग इथली तंगी चार-सहा वेळा घातल्यावर कमी होते. लांबी मात्र वाढत नाही. उलट कोपरात आणि गुडघ्यात वळ्या पडून बाही आणि पाय थोडे आखूडच होतात. म्हणून घेर अंगासरशी आणि लांबी पुरेपूर, अशी निवड करायची. जांघ, मान, कोपरापुढचा हात आणि गुडघ्यामागची जागा पहिल्या दिवशी टोचत असेल तर ‘होईल सैल’ या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

सूटमध्ये एअरबॅग, म्हणजे पडताना फुगणारी हवेची पिशवी, असेल तर हिशोब बदलतो. मोटोजीपीमध्ये २०१८ पासून ती सक्तीची आहे आणि आता रस्त्यावरच्या स्वारांकडेही दिसते. फुगायला तिला छातीभोवती मोकळी जागा लागते. किती, ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. सूटच्या काखेत आणि बाजूंना स्ट्रेच पट्टे नसतील, तर फुगलेली बॅग बाहेर जाऊ शकत नाही आणि बरगड्यांवर दाब येतो. सूटच्या आत घालायचं एअरबॅग जॅकेट घेणार असाल तर मापही ते घालूनच घ्या.

बुलेटसारख्या ताठ बसायच्या बाइकवर रेसिंग कापाचा सूट घालणं हा निव्वळ छळ आहे. मान पुढे ओढली जाते, पोटरीत वळ्या पडतात. तिथे टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या, कापाचं जॅकेट आणि पँट घ्यावी.

चामड्याची जाडी मापाशी जोडलेली असते. गाईच्या चामड्याचे रेसिंग सूट साधारण १.१ ते १.४ मिमीचे असतात. कांगारूचं चामडं १ मिमीच्या आत असूनही चिवट असतं आणि अंगाला लवकर वळतं, किंमत अर्थात चढी. म्हशीचं आपल्याकडे सहज मिळतं, पण ते जड असतं आणि मोडायला, म्हणजे अंगावर बसायला, जास्त वेळ घेतं. धारावीत मिळणारी बहुतेक जॅकेटं शिवणीला चांगली असली तरी फॅशनची असतात, मेंढीच्या मऊ, पातळ चामड्याची. अंगावर सुरेख बसतात, रस्त्यावर टिकत नाहीत. सूटच्या आतल्या लेबलवर ईएन १७०९२ हा स्वारांच्या कपड्यांच्या युरोपीय मानकाचा क्रमांक आणि त्यापुढे एएए, एए किंवा ए असा वर्ग लिहिलेला असतो. रोजच्या रस्त्याला ए किंवा एए चालतो, ट्रॅकला एएए घ्या.

मापावर शिवून घेताना कारागिराला २५-३० मापं, समोरून-बाजूने-मागून फोटो, बाइकचं मॉडेल आणि बुटाची जात कळवा. धागा बाँडेड नायलॉन किंवा पॉलिएस्टर हवा. सुती धागा घामाने कुजतो. टाके फार दाटही नकोत, नाहीतर टपाल तिकिटाच्या कडेसारखं चामडं त्या रेषेवरच फाटतं. कोपर, नितंबाची बाजू आणि खांदा, म्हणजे जिथे आपटणार तिथे, शिवण असूच नये. जमलं तर आधी स्वस्त जाड कापडाचा कच्चा सूट शिवून मागवा. त्यावर खुणा करून परत पाठवला की अर्धी भांडणं मिटतात.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे लेदरमध्ये माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेला जास्तीचा भाग, नसते. सदरा घट्ट झाला की शिंपी आतली माया सोडतो. चामड्यात शिवणीच्या आत जेमतेम सेंटिमीटरभर असतं आणि जुन्या टाक्यांची भोकं कायमची राहतात. कमी करणं त्यामुळे सोपं: कंबर बाजूच्या शिवणीतून आत घेता येते, भोकं आत दडतात. वाढवायचं असेल तर मांडीच्या आतल्या बाजूला किंवा काखेखाली स्ट्रेच पट्टा घालावा लागतो. अस्तर उघडून आर्मरचा खिसा दोन सेंटिमीटर वर-खाली करता येतो, हा सगळ्यात स्वस्त आणि फार कमी लोकांना सुचणारा उपाय. खांद्याची रुंदी बदलायच्या फंदात पडू नये. काम देताना कारागिराकडे वॉकिंग फूटचं (वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारं) मशीन आणि चामड्याची, त्रिकोणी टोकाची सुई आहे ना ते बघा. घरगुती मशीनवर दोन थरांच्या पुढे टाके सुटतात. आणि टाचण्या लावणाऱ्याकडून सूट लगेच काढून घ्या, प्रत्येक टाचणीचं भोक तसंच राहतं.

घरी आणल्यावर सूट भिजवून अंगावर वाळवायची युक्ती कोणी ना कोणी सांगतंच. करू नका. वाळताना चामडं कडक होतं आणि आतलं तेल जातं. रोज अर्धा तास घालून स्टँडवरच्या बाइकवर ओणवं बसणं पुरतं. आत सुती बनियन नको. घामाने ते अंगाला आणि अस्तराला चिकटतं, मग बरोबर मापाचा सूटही तंग वाटतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सूट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर पंधरा दिवसांत बुरशी धरते. रुंद हँगरवर, पंख्याच्या वाऱ्यात, उन्हापासून लांब टांगा. आर्मर काढून वेगळं पुसा. परत घालताना डावं-उजवं बदलत नाही ना, आणि गुडघ्याच्या आर्मरची वाटी वर व निमुळतं टोक नडगीकडे आहे ना ते बघा. आर्मर काढण्यापूर्वीच त्यावर मार्करने ‘डा’, ‘उ’ आणि वरच्या बाजूला बाण काढून ठेवा.