सोलापूरच्या उन्हात आंबवताना: आंबील, रानबोरं आणि निवडुंगाची बोंडं

आंबवलेल्या पेयांच्या ज्या कृती मला सुरुवातीला मिळाल्या, त्या सगळ्यांत एक सूचना हमखास असायची: घरात साध्या तापमानाला आठवडाभर ठेवा. हे साधं तापमान थंड देशातलं, वीस-बावीस अंशांचं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत चढतो आणि स्लॅबच्या घरात रात्री झोपायच्या वेळीही भिंतीला हात लावला तर चटका जाणवतो. त्यामुळे मी बाहेरच्या कृती बाजूला ठेवल्या. या उन्हात इथली माणसं पिढ्यानपिढ्या जे आंबवत आली ते आधी नीट शिकायचं आणि मग त्यात रानातलं एकेक घालून बघायचं, असं ठरवलं.

इथलं म्हणजे आंबील. अक्कलकोट तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याकडे येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील मडक्यात भरून शेतात नेतात. सोबत भज्जी, उंडे असे त्या दिवसाचे पदार्थ आणि सगळं गणगोत. मी ती लहानपणापासून पीत आलो, पण करताना कधी लक्ष दिलं नव्हतं. आत्यानं शिकवायला घेतलं तेव्हा तिनं एकही माप सांगितलं नाही. पीठ ताकात कालवलं, वर चार बोटं पाणी राहील इतकं पातळ केलं, फडकं बांधलं आणि मडकं कोपऱ्यात सरकवलं. मी विचारलं, किती तास ठेवायचं? ती म्हणाली, "तास कशाला मोजालास? थंडीत दुसऱ्या दिवशी बघ, उन्हाळ्यात रात्री भिजव नि पहाटं शिजव. वास आला की कळतंयच की."

तो वास ओळखायला शिकणं हा माझ्या सगळ्या शिक्षणातला सर्वांत महत्त्वाचा भाग. पीठ भिजल्यावर आधी कच्चा, मातकट वास येतो. मग तो दह्याकडे झुकतो, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात आणि जिभेला स्वच्छ आंबटपणा लागतो. इथे थांबायचं. पुढे गेलं की त्यात ओल्या पोत्यासारखा कुबट वास शिरतो. मग शिजवून, गार करून, ताक, ठेचलेला लसूण, जिरं आणि मीठ घालायचं. शिजवताना आंबवणारे जिवाणू मरतात. नंतर घातलेल्या ताकातून नवे येतात, म्हणून ते ताक आंबील पूर्ण निवल्यावरच घालायचं.

यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. ज्वारीच्या दाण्यावर, फळांच्या सालीवर, पानांवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतातच. हवा कमी असली आणि थोडं मीठ असलं की ते इतरांना मागे टाकतात आणि साखरेचं आम्लात रूपांतर करतात. या आम्लामुळेच पदार्थ टिकतो. पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (जितका कमी तितकं जास्त आंबट), ४.६ च्या खाली गेला की बॉटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वाढू शकत नाही. मी ४ च्या खाली गेल्याशिवाय काहीही पीत नाही आणि कुणाला देत नाही. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. नाकावर माझा विश्वास आहे, तरी पट्टी लावतोच.

हे जिवाणू साधारण २५ ते ३५ अंशांत आनंदानं काम करतात. त्यापेक्षा जास्त तापलं तर भाजी लिबलिबीत होते, चव बिघडते, वर पांढरी साय लवकर धरते. मग मेमध्ये काय करायचं? उत्तर घरातच होतं. मोठ्या पसरट कुंडीत वाळू भरली, ती ओली केली, त्यात बरणी गळ्यापर्यंत पुरली, वरून ओलं गोणपाट टाकलं आणि उत्तरेकडच्या खोलीत, जमिनीलगत ठेवलं. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाझप उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. कोकणातल्या दमट हवेत याचा इतका उपयोग झाला नसता. सोलापूरच्या कोरडेपणाला नावं ठेवणाऱ्यांना मी ही कुंडी आवर्जून दाखवतो. पाऊस सुरू झाला की मात्र ही युक्ती मंदावते, पण तोवर उन्हाळाच उतरलेला असतो.

पाण्याबद्दलही एक सांगतो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवणं घरोघरी आहे. उघड्या भांड्यात राहिलेल्या पाण्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं आणि आंबवायला ते बरंच. ताज्या नळाच्या पाण्यात क्लोरीन जिवाणूंना अडवतं. बोअरचं जड पाणी पेयाला चवीनं मार खातं, पण खारवलेली भाजी कुरकुरीत राहायला त्यातल्या कॅल्शियमची मदत होते.

आता रानातलं. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. माळावर आहे काय, असं लोक म्हणतात. मी बांधावरून चालू लागलो तेव्हा प्रत्येक ऋतूत काहीतरी हाताला लागलं. पावसाळ्यात घोळ आणि कुर्डू, दसऱ्याच्या सुमारास तरवडाची पिवळी फुलं, संक्रांतीला बोरं, उन्हाळ्यात चिंच, विलायती चिंच आणि फड्या निवडुंगाची बोंडं.

रानबोरांपासून सुरुवात करावी, असं मी कुणालाही सांगेन. संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ती भरपूर असतात आणि तेव्हाची हवा आंबवायला उत्तम. अर्धवट पिकलेली, घट्ट बोरं घ्यायची. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम मीठ, दोन चमचे कुटलेली मोहरी, एक सुकी मिरची. बोरं टोचून घ्यायची आणि पाण्याखाली दाबून ठेवायची. वर तरंगलेल्या बोराला बुरशी येते, म्हणून मी वर बोराचीच धुतलेली पानं पसरून त्यांवर लहान वाटी ठेवतो. पानांतल्या तुरटपणामुळे फळ मऊ पडत नाही. परदेशी कृतींत यासाठी द्राक्षाची पानं सांगतात. आपल्याकडे द्राक्षबागा उदंड, पण बागेतल्या पानांवर किती फवारण्या झाल्या असतील ते पाहता मी ती वापरत नाही. जानेवारीत तीन-चार दिवसांत पाणी पिवळसर, किंचित फेसाळ आणि मोहरीनं झणझणीत होतं. जेवणाआधी अर्धा पेला पुरतो. राहिलेली बोरं भाकरीबरोबर खावीत, फार सुंदर लागतात.

निवडुंगाची बोंडं हे माझं सर्वांत लाडकं काम, आणि सर्वांत जपून करायचंही. बोंडावर मोठे काटे कमी असले तरी केसासारखी बारीक कुसळं झुबक्यांनी असतात. ती बोटात शिरली तर दिसत नाहीत, दिवसभर टोचत राहतात, आणि घशात गेली तर त्रास फार. गुरं राखणाऱ्या पोरांची पद्धत अशी: चिमट्यानं बोंड तोडायचं, रेताड जमिनीवर चप्पलेनं घोळसायचं, मग जाळावर फिरवायचं. घरी मी सांडशीत धरून गॅसवर चटचट आवाज थांबेपर्यंत फिरवतो, मग कापून गर चमच्यानं काढतो. गर दुहेरी मलमलीतून गाळायचा. एकेरी कापडावर विसंबू नये.

रस निघतो तो रंग पाहून पाहुणे थक्क होतात. गडद जांभळट लाल. बिटात असतो त्याच जातीचा हा रंग, उकळला की फिका पडतो आणि आम्लात टिकतो. त्यामुळे हा रस मी शिजवत नाही. एक वाटी रसाला तीन वाट्या पाणी, चवीपुरता गूळ, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे चक्क्याचं पाणी. दही टांगल्यावर खाली गळणारं हे पाणी विरजणाचं काम करतं. त्यात जिवाणू तयार असतात, त्यामुळे उन्हाळ्यात नको त्या जंतूंना वाव मिळायच्या आत आंबटपणा चढतो. संध्याकाळी लावलं तर कुंडीतल्या गारव्यात दुसऱ्या संध्याकाळपर्यंत होतं.

यात एक धोका आहे. साखर किंवा गूळ असलेलं पेय बंद बाटलीत ठेवलं की वायू साठतो आणि काचेची बाटली फुटू शकते. मी जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरतो. दाबून पाहिली आणि कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. जास्त दिवस बाहेर ठेवलं तर यीस्ट गुळाचं अल्कोहोल करू लागतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी दारू बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि मला ती बनवायचीही नाही. त्यामुळे गूळ कमी, वेळ कमी आणि नंतर थंडावा, या तीन गोष्टी मी सोडत नाही.

तरवडाची ओळख मला पूर्व भागातल्या, म्हणजे शहराच्या तेलुगू वस्तीतल्या, शेजारच्या अक्कांनी करून दिली. त्यांच्या बतुकम्मा या फुलांच्या सणात तरवडाची आणि कुर्डूची फुलं रचतात. तरवडाची फुलं सुकवून त्यांचा काढा त्या पितात, तो मलाही आवडला. आंबवल्यावर मात्र त्याचा तुरटपणा फार पुढे येतो. माझं मत असं की हे फूल चहासाठीच ठेवावं.

घोळीचे मांसल देठ लसणीबरोबर मिठाच्या पाण्यात घातले की छान आंबट-कुरकुरीत होतात. पण घोळ खुडताना एक खूण पाळायचीच: देठ मोडून बघायचा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, जमिनीलगत तसंच पसरणारं दुधी नावाचं तण असू शकतं. मी सुरुवातीला खुरपणीला येणाऱ्या मावश्यांना प्रत्येक जुडी दाखवूनच घरी आणत असे. त्यांना पाथरी, तांदुळजा, कुंजीर, सगळं पानावरून नव्हे तर नुसत्या वाढण्याच्या ढंगावरून कळतं. मोबाइलमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपवर मी एकही पान तोंडात घातलेलं नाही. कण्हेर, धोतरा, गुंज हे सगळं विषारीही याच बांधांवर उगवतं.

कुठून खुडायचं हेही ठरलेलं. डाळिंबाच्या बागेचा बांध नको, फवारणीचं औषध उडून येतं. महामार्गाची कड नको. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर काहीच तोडायचं नाही. तिथलं गवत आणि बोरं तिथल्या जिवांची, आणि कायदाही तेच सांगतो. अनंतमूळही मी उपटत नाही. मूळ काढलं की वेल जातो आणि आता तो पूर्वीसारखा सहज दिसतही नाही.

बरणीवर पातळ पांढरी साय आली तर मी काढून टाकतो आणि वास घेतो. हिरवी, काळी, गुलाबी किंवा केसाळ बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेकतो, वरचं काढून खालचं वाचवत नाही. नवीन माणसाला पहिल्यांदा दोन घोट देतो आणि दुसऱ्या दिवशी विचारतो. गरोदर बाई, तान्हं मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला आजारी माणूस असेल तर त्यांना शिजवलेली ताजी आंबील, वरून ताक न घालता.

कवठ अजून व्हायचं आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारात येतं, पण गर इतका चिकट असतो की तो जसाच्या तसा आंबवला तर वायू अडकून सगळं बरणीबाहेर येईल. म्हणून एका वाटीला पाच वाट्या पाणी, गूळ आधी अजिबात नाही आणि बरणी निम्मीच भरायची, असा बेत आखून ठेवला आहे.