मंजूर, मंजूर!

परवा सांगलीजवळच्या आमच्या गावातल्या एका सोसायटीच्या वार्षिक सभेला आण्णांबरोबर गेलेलो, अहवालाचं पहिलं पान उलटायच्या आत पुढच्या रांगेतनं 'मंजूर, मंजूर' सुरू झालं आणि आण्णा प्रश्न विचारायला उठले तर हातातला माईकच काढून घेतला. सहकार म्हणजे सगळ्यांची मालकी, पण हिशोबच विचारता येत नसेल तर कसली मालकी?

येताना गाडीवर आण्णा आणीबाणीवर आले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं प्रास्ताविकेत 'समाजवादी' शब्द घातला आणि तेव्हाच मधु लिमये, मृणाल गोरे असले हाडाचे समाजवादी तुरुंगात होते! मी स्वतः समाजवाद मानतो म्हणून हे जास्त लागतं. कारखाने, जमिनी सरकारकडं आणि पेपर, कोर्ट, निवडणूक पण त्याच मुठीत, मग गरिबानं दाद मागायची कुठं, सोव्हिएत रशियात हेच तर झालं.

नशीब १९७८ ला ४४ वी दुरुस्ती झाली, आता नुसती 'अंतर्गत अशांतता' सांगून आणीबाणी लावता येत नाही आणि कलम २१, जगण्याचा हक्क, तो तर आणीबाणीत पण गोठवता येत नाही.

आण्णांनी रात्रीच प्रश्न लिहून काढले, दोन प्रती. सोमवारी एकीवर पोच घ्यायला जाणार आहोत.