माएस्त्रांच्या फळ्यावरचे तीन भागाकार

आपल्या स्पॅनिश-इंग्लिश शाळेच्या कार्यक्रमाच्या स्मरणिकेसाठी आलेल्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की आपापल्या घरच्या भाषेत लिहा, म्हणून मराठीत लिहितेय. स्पॅनिशवाले भरपूर असतील, इंग्लिशवालेही असतील, मराठीत बहुतेक मी एकटीच. शाळेबद्दल लिहायला बसले की मला चौथीच्या आमच्या माएस्त्रांशिवाय, म्हणजे स्पॅनिशमध्ये बाईंशिवाय, दुसरं काही सुचतच नाही, तेव्हा बाकीच्या सगळ्या माएस्त्रोंनी समजून घ्यावं.

मी पहिल्या बॅचची. सप्टेंबरात त्या पोर्टेबलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वर्गखोलीत, काय उकडायचं ते जे तिथे बसलेत त्यांना सांगायला नको. आई-बाबा वाय-टू-केच्या लाटेत पुण्याहून सॅन होजेला आले, घर ईस्ट साइडला परवडलं आणि शाळा घरापासून चालत जाण्यासारखी होती. बाबांच्या ऑफिसातले लोक म्हणायचे, अहो पोरगी घरी मराठी बोलते, इंग्लिशचा अजून पत्ता नाही, आणि तुम्ही तिला स्पॅनिशच्या शाळेत घालताय? आई मात्र ठाम होती. तिचं म्हणणं, मी मराठी शाळेत शिकले, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत आलं, माझं काय अडलं?

आता लहान मुलांना हे कळायचं नाही, पण तो काळ दोन भाषांतल्या शिक्षणासाठी वाईट होता. 1998 मध्ये कॅलिफोर्नियात 227 नंबरचं प्रपोझिशन, म्हणजे शाळांत इंग्लिशमधूनच शिकवा असा लोकांच्या मतदानाला टाकलेला कायदा, जवळपास 61 टक्के मतांनी पास झालं होतं आणि डिस्ट्रिक्टच्या नेहमीच्या सरकारी शाळांत दुसऱ्या भाषेतून शिकवायचं तर पालकांनी स्वतः जाऊन दरवर्षी वेव्हर म्हणजे सवलतीच्या अर्जावर सही करायची, अशी भानगड होती. चार्टर शाळांना, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या आपल्यासारख्या शाळांना, त्यातून मोकळीक होती म्हणून आपल्याकडे किंडरला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला, 90 टक्के स्पॅनिश आणि 10 टक्के इंग्लिश, मग दरवर्षी इंग्लिश वाढत वाढत चौथीपर्यंत अर्धं-अर्धं, हे जमलं. पण चार्टर म्हणजे परवानगी काही कायमची नाही, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, बोर्डाच्या मीटिंगा, आणि कारखान्यातून शिफ्ट करून आलेले आपले पालक तिथे रात्री उशिरापर्यंत बोलायची पाळी येईतो बसायचे. ही शाळा त्यांनी उभी केली.

तर चौथी. वर्गात दोन गट, स्पॅनिश घरची मुलं आणि इंग्लिश घरची मुलं, सकाळी एक गट शेर तर दुपारी दुसरा, आणि बाजूला जोडीदार बसवायचे ते याच हिशोबाने. मी दोन्हीकडे अर्धवट. भागाकार सुरू झाले होते आणि बाबांनी मला घरी त्यांच्या पद्धतीने शिकवला होता, म्हणजे भाजक डावीकडे, भाज्य मधे, आणि उत्तर उजवीकडच्या कंसापलीकडे. गृहपाठ तसाच केला. माझ्या बाजूला बसणाऱ्या मुलाचा गृहपाठ आणखी वेगळा, त्याच्या आईने मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्ये शिकलेल्या पद्धतीने, गुणाकार वजाबाकी सगळं डोक्यात आणि कागदावर नुसती बाकी. पुस्तकात तिसरंच. मला वाटलं आता दोघांच्या वह्यांवर लाल फुल्या.

माएस्त्रांनी वह्या बघितल्या, काही बोलल्या नाहीत, फळ्यावर 2548 भागिले 7 तीन वेळा लिहिलं आणि आम्हा दोघांना खडू दिले. तिसरा त्यांच्या हातात, पुस्तकातल्या पद्धतीसाठी. त्या मुलाचं माझं अर्धं व्हायच्या आत झालं, त्याचा मजकूर एवढासा आणि माझा खाली लांबलचक. मी तोंडातल्या तोंडात सात त्रिक एकवीस, सात सक बेचाळीस करत होते ते त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, मोठ्याने म्हण. मी गप्प. परत म्हणाल्या, मोठ्याने, आम्हाला ऐकायचंय. मग म्हटलं, सात चोक अठ्ठावीसपर्यंत. तिन्हीकडे 364. मग त्यांनी मला स्पॅनिशमध्ये सांगायला लावलं की मी प्रत्येक ओळीत काय केलं आणि का केलं, अडले की थांबायच्या, शब्द पुरवायच्या नाहीत, बाजूचा मुलगा पुरवायचा. अख्खा तास त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या आईला निरोप पाठवला की शुक्रवारी वर्गात येऊन मुलांना पाढे म्हणून दाखवाल का. माझी आई, जी शाळेच्या ऑफिसात पण इंग्लिश बोलायला बिचकायची, ती आली आणि साताचा पाढा म्हणाली, आणि पोरांनी तिच्या मागे म्हटला. त्यानंतर ती प्रत्येक शुक्रवारी कागद कापायला, वह्या लावायला यायला लागली, बाकीच्या आयांबरोबर बसून स्पॅनिश शिकली, आणि टॉर्टियाही.

2014 ला हायस्कूलच्या डिप्लोमावर द्विभाषिकतेचा सोनेरी शिक्का मिळाला तेव्हा तो मी आधी माएस्त्रांना नेऊन दाखवला, मग आजीला फोन. आता मी सॅलिनासला लहान मुलांची डेंटिस्ट आहे. तिथे लेट्यूसच्या शेतांवर काम करणाऱ्यांत मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेली कितीतरी कुटुंबं घरी मिश्तेको ही तिथली मूळ भाषा बोलतात, स्पॅनिश त्यांचीही दुसरी भाषा. पोर खुर्चीत घाबरलं की मी त्याला त्याच्या घरच्या भाषेत दात मोजायला सांगते आणि त्याच्यामागे म्हणते. हे मला कुठल्याही डेंटल स्कूलने शिकवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. 2016 मध्ये 58 नंबरचं प्रपोझिशन 73 टक्क्यांहून जास्त मतांनी पास झालं, 227 ची अडवणूक गेली, आनंद झाला. पण मधल्या अठरा वर्षांत दोन्ही भाषांत शिकवू शकणारे शिक्षक तयार होणं आटलं ते आटलंच, आणि तोवर ईस्ट साइडची भाडी अशी वाढली की माझ्या वर्गातली निम्मी घरं लांब ट्रेसी आणि मॉडेस्टोला गेली. मागच्या वर्षी शाळेत आले होते, इमारत सुंदर आहे, पण किंडरच्या एका वर्गात स्पॅनिश घरची मुलं बोटावर मोजण्याइतकी. अशाने शेर कोण होणार? मुलांनी एकमेकांना शिकवायचं, ही तर सगळी गंमत आहे आपल्या शाळेची. प्रवेशाच्या लॉटरीत त्या घरांसाठी कायद्यात बसतील तेवढ्या जागा राखा, ट्रेसीहून बस आणता येत असेल तर आणा, मी पैसे द्यायला तयार आहे आणि माझ्या बॅचचे आणखीही आहेत.

माएस्त्रा आता गिलरॉयला असतात, गाडी चालवणं त्यांनी सोडलंय. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना आणायचं आणि परत सोडायचं माझ्याकडे लागलं, कमिटीने दुसऱ्या कोणाला सांगू नये.